बनसोडे साहेबांची हळद

बनसोडे साहेबांच्या घरी पाणी मिळत नसे. चहा मिळे, तोही मागण्याआधी, आणि दुसरा कप घेतल्याशिवाय सुटका नसे. पण कुणी पाणी मागितलं की साहेब वहिनींकडे बघत, वहिनी चुलीकडे बघत आणि पुन्हा चहाच येई.

मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले ती एका कागदावर सही घ्यायला. सांगली जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, तिथल्या नगरपालिकेच्या आरोग्य विभागात मी टंकलेखक म्हणून नवी लागले होते. साहेब त्या विभागाचे स्वच्छता निरीक्षक. तापाने घरी पडले होते. एप्रिलच्या उन्हात खालच्या वस्तीपर्यंत चालत गेल्याने माझ्या घशाला कोरड पडली होती. दारातूनच म्हटलं, "वहिनी, आधी तांब्याभर पाणी द्या." वहिनी थबकल्या. आतून साहेबांचा आवाज आला, "चहा टाक."

मला फार वाईट वाटलं. खालची वस्ती बौद्धांची आणि मी पाटलांच्या घरातली. मला वाटलं, ही माणसं अजून आपल्या हातचं पाणी पुढे करायला बिचकतात. त्या वयात माझ्या अंगात बराच मोठेपणा संचारलेला असायचा. मी ठसक्यात म्हणाले, "साहेब, मी तसलं काही मानत नाही. मी तुमच्या घरचं पाणी पिणार म्हणजे पिणार."

साहेब अंथरुणातून उठून बसले आणि मिशीतल्या मिशीत हसले. "आवं बाई, तुमी मानत न्हाई ते लय ब्येस. पर ही जातीची गोष्ट न्हाई, गटाराची हाय. हिरीचं पानी हाय ते. आमाला सवं झालीया. तुमी उद्या रजेचा अर्ज टाकाल, मग नोटिसा कोन टाइप करनार?"

माझा मोठेपणा त्या चहाच्या कपात बुडाला तो आजतागायत वर आलेला नाही.

त्या विहिरीची गोष्ट अशी. आमच्या गावात दोन गटारं होती. एक जमिनीखालचं, संस्थानच्या वेळचं, मैल्याचं. ते गावाबाहेरच्या मैलाशेताकडे जायचं. दुसरं उघडं, दगडी, पावसाच्या पाण्याचं. ते सरळ ओढ्याला मिळायचं आणि ते जिथे ओढ्याला मिळायचं तिथून हाकेच्या अंतरावर खालच्या वस्तीची विहीर. वस्तीच्या नळाला तिसऱ्या दिवशी पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. बाकीचे दिवस विहिरीवर. भुयारी गटाराला जोड घ्यायची तर परवानगी काढा, रस्ता उकरा, इंजिनिअरच्या मागे फिरा. त्यापेक्षा भिंतीला भोक पाडून मोरीचा पाइप पावसाच्या गटारात सोडून देणं सोपं. निम्म्या गावाने तेच केलं होतं. काही धाडसी मंडळींनी तर संडासही सोडले होते. मग जूनमध्ये पहिला मोठा लोंढा आला की वर्षभर साचलेलं सगळं ओढ्यात, ओढ्यातलं विहिरीत आणि आठ दिवसांत वस्तीतली पोरं सरकारी दवाखान्यात सलाइनवर. दर वर्षी हे असंच. गावाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. पावसाळा आला की छत्र्या निघतात तशी वस्तीतली पोरं आजारी पडतात, इतकंच.

साहेब त्याच वस्तीत जन्मलेले. फौजेत पंधरा-सोळा वर्षं पूल आणि रस्ते बांधून आले, निरीक्षकाचा कोर्स केला आणि पालिकेत लागले. पालिकेने त्यांना वरच्या पेठेत क्वार्टर देऊ केलं होतं, नळाच्या पाण्यासकट. त्यांनी घेतलं नाही. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "तितनं गटार दिसत न्हाई." त्यांनी एकच गोष्ट मनाशी धरली होती. एक पावसाळा असा काढायचा की वस्तीतलं एकही पोर सलाइनवर जाणार नाही. हे ते कुणाला भाषण करून सांगत नसत. पण दर जूनमध्ये सकाळी कचेरीत येण्याआधी ते दवाखान्यात जात, मुलांच्या वॉर्डातल्या खाटांवरून नजर फिरवत आणि येऊन माझ्या टेबलासमोर उभे राहत. किती पोरं आहेत ते त्यांच्या तोंडावरून मला कळायचं.

दिसायला साहेब काटक आणि काळेसावळे. शर्टाची इस्त्री अशी की घडीवर बोट कापेल. पायात फौजेतले बूट, चिखलातून आले तरी दारात पुसलेले. काखेत पालिकेच्या उपविधींचं पातळ पुस्तक, खाकी कव्हर घातलेलं, कोपरे मऊ झालेले. पालिकेत ते पुस्तक वाचलेला दुसरा माणूस नव्हता. मुख्याधिकारीसुद्धा अडले की "बनसोडेंना बोलवा" म्हणत आणि ते आले की पस्तावत. नियम सांगताना साहेब आवाज चढवत नसत, कलमाचा आकडा सांगत. गावातल्या लोकांना मात्र ते कलम कधी सांगत नसत. त्यांच्यासाठी साहेबांनी नियमाचं आपल्या बोलीत भाषांतर करून ठेवलं होतं. "आभाळातनं पडलं ते या गटारात. मानसानं केलं ते त्या गटारात. हितं दोन्हीची सोयरीक न्हाई."

आणखी एक वाक्य होतं, त्याची मला सवयच लागली. आजही कुठल्याही गावाला गेले तरी माझी नजर आधी रस्त्याकडेला जाते. साहेब म्हणायचे, "पाऊस नसताना पावसाचं गटार वलं दिसलं, तर समजायचं गावात कुनीतरी खोटं बोलतंय."

आता हळद. साहेबांच्या खिशात तंबाखूचा एक चपटा डबा असे आणि त्यात तंबाखू नसे, सांगलीच्या बाजारातली हळद असे. चोरटा जोड शोधायचा तर दुसरं साधन पालिकेकडे नव्हतं. संशय असलेल्या घरी साहेब जात, घरच्या बाईला नमस्कार करून मोरीत मूठभर हळद टाकत आणि म्हणत, "दोन बादल्या वता, माउली." बाहेर गटाराच्या काठावर आमच्या विभागाचा भैरू मुकादम बसलेला असे. पिवळं पाणी आलं की तो शिट्टी मारी. मोरीत साबण असला तर हळद लालभडक होऊन बाहेर पडे आणि शेजारपाजारचे धावत येत. गावात बोलायची पद्धतच पडली, "अमक्याच्या घराला बनसोड्यांनी हळद लावली." शुभकार्यानंतर जशी आमंत्रणं निघतात तशी मग माझ्या टाइपरायटरवरून नोटीस निघे.

नोटिसांचे हाती लिहिलेले मसुदे ते सकाळी माझ्या टेबलावर ठेवत. एकदा असाच गठ्ठा आला. मी आपली चहा पीत खटाखट टाइप करत होते. सतरावी की अठरावी नोटीस असेल. नाव टाइप केलं, पेठ टाइप केली, घराची खूण टाइप केली आणि बोटं थांबली. नाव माझ्या नवऱ्याचं होतं.

मी तरातरा त्यांच्या टेबलाशी गेले. "साहेब, हे काय? तुम्ही आमच्या घरी आलात कधी?"

"मंगळवारी. तुमी हापिसात होता. तुमच्या सासूबाईंनी बादल्या वतल्या." मग डोळे खाली घालून म्हणाले, "पिवळं लय झ्याक आलं, बाई."

"मला आधी सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुमी मालकांना सांगितलं असतं. मालकांनी भोक लिंपलं असतं आन मी गेल्यावर परत पाडलं असतं." ते खरंच होतं, आमचे हे अगदी तेच करणारे. रागारागाने मी ती नोटीस टाइप केली, स्वतःच्या हाताने घरी नेली आणि आठवडाभर सासूबाईंचं ऐकून घेतलं. भुयारी गटाराचा जोड आला तेव्हा साहेब स्वतः सांधा बघायला आले आणि सासूबाईंच्या हातचं पाणी तांब्याभर प्यायले. तेव्हा मला पुन्हा खालच्या वस्तीतला तो चहा आठवला आणि रागवायची लाज वाटली.

अशी तीन वर्षं घरामागून घर चाललं. सगळ्यात मोठं दुखणं उरलं ते दौलतरावांचं मंगल कार्यालय. दौलतराव माजी नगरसेवक, मोठं प्रस्थ, ऊसवाले. कार्यालय भर पेठेत आणि मागच्या भिंतीला लागून पावसाचं गटार. साहेब डबा घेऊन गेले की ते दारातच अडवत. "आमचं समदं पाणी मागल्या टाकीत जातं. शुभकार्याच्या जागंत गटारवाला नगं." वर पालिकेत तक्रार की निरीक्षक त्रास देतात. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. साहेब चार वेळा परत आले. पाचव्या वेळी मला म्हणाले, "बाई, आता आपुन डबा न्हायचाच न्हाई. हळद तेच आनतील."

मला काही कळलं नाही. मे महिन्यात आमच्याच कचेरीतल्या हेडक्लार्कच्या मुलीचं लग्न त्या कार्यालयात होतं आणि आम्हा सगळ्यांना आमंत्रण होतं. साहेब कडक इस्त्रीत, हातात आहेराचं पाकीट घेऊन, सकाळी हळदीलाच हजर. आत नवरानवरीला हळद लागली, सुवासिनींनी गाणी म्हटली, मग एकापाठोपाठ एक दोघांच्या हळदीच्या आंघोळी. साहेबांनी मला खूण केली. मी कागद-पेन घेऊनच आले होते, तेवढं त्यांनी आदल्या दिवशी बजावलं होतं. कार्यालयाच्या मागे गटाराच्या काठावर आम्ही उभे राहिलो. पंच म्हणून साहेबांनी दोघांना आणलं होतं, नवऱ्याचा मामा आणि आचारी. मामा फौजेतून रिटायर झालेला, साहेबांशी त्याचं मघाच जमलं होतं. आचारी हातात झाराच घेऊन आला होता.

दगडी गटार हाडासारखं कोरडं होतं. मग भिंतीतल्या पाइपातून आधी थेंब आले, मग धार आणि बघता बघता सगळं गटार पिवळंजर्द होऊन ओढ्याच्या दिशेने निघालं. मामा म्हणाला, "आयला, ही तर आमच्या भाच्याची हळद!"

मी पंचनामा लिहिला: "पाण्याचा रंग पिवळा, वास हळदीचा व सुवासिक तेलाचा. पाणी पावसाचे नाही, कारण आकाश निरभ्र." शेवटचं वाक्य साहेबांनी सांगितलं. पंचांनी सह्या केल्या.

तेवढ्यात फेटा बांधलेले दौलतराव धावत आले. "बनसोडे, लग्नात इघ्न आनता व्हय रं?"

"नवरानवरीला इघ्न न्हाई, आण्णा. त्यांनी नांदावं सुखानं. फकस्त त्यांची हळद वड्याला चाललीया, ती थांबवतोय." साहेब जराही हलले नाहीत. "आन ह्याच पायपातनं हळदीमागनं काय काय येतं, ते पंगत उठल्यावर परत बघू. पंच हाईतच."

आचारी हसला. दौलतरावांनी त्याच्याकडे बघितलं तसा तो झारा घेऊन आत पळाला. पण सही झाली होती. नोटिशीची मुदत संपली त्या सकाळी साहेबांनी भैरूकडून तो पाइप सिमेंटने बुजवून घेतला. भर लग्नसराईत न्हाणीघरं तुंबली तेव्हा दौलतरावांनी आठ दिवसांत भुयारी गटाराचा जोड घेतला. साहेबांनी आपल्या चोरट्या जोडांच्या यादीतलं शेवटचं नाव खोडलं आणि मला म्हणाले, "आवंदा बघा तुमी."

आवंदा पाऊस आला आणि आठव्या दिवशी वस्तीतली तीन पोरं सलाइनवर गेली.

त्या सकाळी साहेब दवाखान्यातून येऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले नाहीत. थेट स्वतःच्या खुर्चीत जाऊन बसले आणि बराच वेळ ती यादी बघत राहिले. त्या तिघांतली एक त्यांच्या शेजारची पोर होती, रोज त्यांचे बूट पायात घालून अंगणात फिरायची. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, पोरं काय, असंही आजारी पडतातच. साहेब उठले, काठी घेतली आणि बाहेर पडले.

दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती. साहेब ओढ्यापासून गटाराच्या काठाकाठाने उलटे वर यायला लागले. जिथे फाट्याचं तोंड कोरडं तिथे पुढे, जिथे ओल तिथे थांबायचं. एकेक फाटा सोडत, दौलतरावांची भिंत ओलांडून, पेठ ओलांडून ती बारीक ओली रेघ वर वर येत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या खिडकीखाली उभे होते. चेहरा असा की मी टाइपरायटर सोडून उठले. ते आत आले, आमच्या कचेरीच्या तळमजल्यावरच्या संडासात गेले, डबा उघडला आणि बादली ओतली.

"बाई, चला."

बाहेर, कचेरीच्या जोत्याखालच्या एका पाइपातून पिवळं पाणी पावसाच्या गटारात पडत होतं. बरोब्बर वर, भिंतीवर, 'आरोग्य विभाग' अशी पाटी.

पालिकेच्या नकाशात ह्या इमारतीचा जोड भुयारी गटाराला दाखवलेला होता. कधीकाळी ठेकेदाराने काम अर्ध्यावर टाकलं आणि पालिकेने कागदावर पूर्ण केलं. साहेबांनी गावातलं एकही घर नकाशावर विश्वास ठेवून सोडलं नव्हतं. सोडली ती फक्त आपली कचेरी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, आणि इथे तर पाषाण कोरडासुद्धा नव्हता. मीही त्याच संडासात रोज जात होते.

साहेब कट्ट्यावर बसले. "बाई, फौजेत झडती आपल्याच तंबूपास्नं सुरू करत्यात. मी इसरलो. माझ्या चुकीनं पोरगी आजारी पडली." त्यांचे डोळे भरले होते. पण डबा खिशात टाकून ते लगेच उभे राहिले. "टाइपरायटरला कागद लावा."

ती नोटीस मी जन्मात विसरणार नाही. कायद्याप्रमाणे नोटीस काढणारा अधिकारी मुख्याधिकारी आणि इमारत ज्यांच्या ताब्यात तेही मुख्याधिकारी. मी वर टाइप केलं, 'प्रेषक: मुख्याधिकारी', आणि खाली टाइप केलं, 'प्रति: मुख्याधिकारी'. साहेब ती घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं.

"बनसोडे, मी मलाच नोटीस देऊ?"

"व्हय साहेब. आन मुदतीत उत्तरबी द्यायचं."

"अहो, पुढच्या बजेटात घेऊ ना हे काम."

"उपविधीत बजेटचा शब्द न्हाई, साहेब. दौलत आण्णांनाबी मी बजेट इचारलं न्हवतं."

मुख्याधिकाऱ्यांनी सही केली. मला वाटतं, चेष्टा म्हणूनच केली. मुदतीत काही होणार नाही याची त्यांना खात्री होती. मुदत संपली त्या दिवशी साहेबांनी जोत्याखालचा पाइप सिमेंटने बुजवला, संडासाला कुलूप लावलं आणि कुलपावर पंचनाम्याचा कागद चिकटवला. अकरा दिवस सगळी पालिका घायकुतीला आली. साहेबलोक जीपने घरी जाऊन येत. मी समोरच्या गल्लीतल्या एका ओळखीच्या मावशींकडे जायची आणि जाताना साहेबांना मनातल्या मनात शिव्या घालायची. तेही समजून होते. मी बाहेर पडले की मान खाली घालून उपविधी वाचायचे. बाराव्या दिवशी जोड झाला.

याची शिक्षा व्हायची ती झाली. महिन्याभरात साहेबांची रवानगी सातारा रोडच्या जकात नाक्यावर झाली. आमच्याकडे नको असलेल्या माणसाला पालिका नाक्यावर पाठवत असे. दौलतरावांनी पेढे वाटले असं म्हणतात, मी काही पाहिले नाहीत. जाताना साहेबांनी यादी आणि हळदीचा डबा भैरूच्या हातात दिला, उपविधीचं पुस्तक तेवढं स्वतःकडे ठेवलं. मी म्हटलं, "साहेब, वाईट झालं." ते म्हणाले, "नाक्यावरबी गटार हाय की." आणि खरंच, नाक्याशेजारच्या गॅरेजवाल्याचं काळं तेलकट पाणी महिन्याभरात गटारातून निघून त्याने खोदलेल्या खड्ड्यात जायला लागलं.

पुढच्या वर्षी यांना साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आणि मी राजीनामा दिला. सामान बांधून झालं होतं. जूनचा शेवट होता आणि पंधरा दिवस पाऊस लागून राहिला होता. निरोप घ्यायला मी खालच्या वस्तीत गेले. ओढा दुथडी भरून लाल वाहत होता. साहेबांच्या अंगणात ती शेजारची पोर त्यांचे बूट घालून चिखलात फताक फताक चालत होती. साहेबांची नाक्यावरची पाळी नव्हती. मला बघून ते उठले आणि मी सवयीने म्हटलं, "वहिनी, चहाच टाका."

"थांब," साहेब वहिनींना म्हणाले. आणि मला, "आदी पानी घ्या."

ते स्वतः आत गेले आणि पितळेचा घासलेला तांब्या घेऊन आले. मी तांब्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"हिरीचं?"

"हिरीचं. आजच दवाखान्यात जाऊन आलोय."

मी तांब्या तोंडाला लावला. पाणी गार होतं, किंचित खारट. मी पूर्ण पिईपर्यंत साहेब समोर उभे होते, अगदी ताठ, हात बाजूला. दारात वहिनी उभ्या होत्या. मी रिकामा तांब्या खाली ठेवला.

साहेबांनी विचारलं, "आनखी देऊ?"

मला तहान नव्हती. मी म्हटलं, "द्या."